अर्जातली व्यंजना

ट्रेडमार्कच्या नोंदणीसाठी भरायचा टीएम-ए हा फॉर्म लोक सरकारी कागद म्हणून हातात घेतात. रकाने भरायचे, फी भरायची, डिजिटल सही करायची, संपलं. मला हा फॉर्म मनापासून आवडतो. नाव, खूण, माल आणि तारीख एवढ्यात तो अख्खा धंदा मांडायला लावतो आणि यातलं काहीही सैल लिहिलेलं त्याला चालत नाही.

समजा, कोल्हापुरातल्या एक बाई कांदा-लसूण मसाला करून विकतात. पाकिटावर त्यांनी ‘अस्सल कोल्हापुरी’ असं छापून घेतलं आहे. गिऱ्हाइकाला एका नजरेत सगळं कळतं, म्हणून त्यांना ते नाव प्रिय. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ नेमक्या त्याच कारणाने त्यावर बोट ठेवतं. मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा मूळ गाव सांगणारा शब्द हा त्या मालाच्या सगळ्याच व्यापाऱ्यांचा. तो एकीच्या नावावर कसा चढवायचा?

आपल्या साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: अभिधा म्हणजे सरळ अर्थ, लक्षणा म्हणजे सरळ अर्थाला धरून येणारा दुसरा अर्थ आणि व्यंजना म्हणजे सुचवलेला अर्थ. कलम ९ वाचताना मला दर वेळी या तिघी आठवतात. निव्वळ अभिधेवर चालणारं नाव उंबऱ्यावरच अडतं. मालाबद्दल काही न सांगता नुसतं सुचवणारं नाव आत येतं. आणि ज्याचा मालाशी काडीचाही संबंध नाही, असं नाव तर सगळ्यात भक्कम. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीला, म्हणजे अशा सुचवलेल्या अर्थाला, काव्याचा आत्मा म्हटलं. मसाल्याचं पाकीट विकायलाही जवळजवळ तीच गुणवत्ता लागावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. याच कलमाला जोडलेलं परंतुक तर आणखी सुरेख आहे. वर्णन करणारा शब्दसुद्धा अर्जाच्या आधीच्या वापराने एकाच धंद्याची ओळख होऊन बसला असेल, तर तो नोंदवता येतो. शब्द तोच, अर्थ मात्र वहिवाटीने बदललेला. शास्त्रकारांनी याला रूढी म्हटलं असतं.

नाव सुचलं की ते मोठ्याने म्हणून पाहावं. यामागे सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ सालचा एक निकाल आहे. ‘अमृतधारा’ हे जुनं, नावाजलेलं औषध. ‘लक्ष्मणधारा’ या नावाने तशाच औषधाचा अर्ज आला आणि अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. पंडिताला विचारलं तर दोन्ही नावं वेगळी: एक अमृताची धार, दुसरी लक्ष्मणाची. उच्च न्यायालयाला हे वेगळेपण पुरेसं वाटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र दुकानात उभ्या असलेल्या साध्या गिऱ्हाइकाचा कान प्रमाण धरला. हा माणूस नावाची फोड करत बसत नाही, त्याच्या आठवणीत नाव धूसर उरलेलं असतं आणि त्या धूसर आठवणीत ही दोन नावं एकमेकांत मिसळतात. म्हणून ती फसगत करण्याइतकी सारखी ठरली. तरीही लक्ष्मणधारेची नोंदणी टिकली, ती फक्त उत्तर प्रदेशातल्या विक्रीपुरती, कारण अमृतधारावाले तिचा वापर माहीत असूनही वर्षानुवर्षं गप्प राहिले होते. नावाचा नाद आणि मालकाचं मौन, दोन्हींचा हिशोब एकाच निकालात! ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात उच्चारावरून शोधायची सोय आहे. ती वापरल्याशिवाय अर्ज टाकू नये.

खुणेच्या रकान्यात चित्र आठ सेंटिमीटरच्या चौकटीत बसवावं लागतं. लोगो काळ्या-पांढऱ्यात, रंगाची मर्यादा न घालता नोंदवला तर तो सगळ्या रंगांसाठी नोंदला गेला असं कलम १० मानतं. रंग सोडून दिल्याने हक्क वाढतो, ही गोष्ट लोगोच्या रंगावर महिना घालवणाऱ्यांनी जरूर ऐकावी. आणि खूण म्हणजे लोगोच असला पाहिजे असंही नाही: मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने तर २०१७मध्ये आपल्या इमारतीचीच नोंदणी मिळवली.

मालाच्या वर्णनात खरी कारागिरी आहे. माल आणि सेवा मिळून एकूण ४५ क्लास. मसाला ३०मध्ये, लोणचं २९मध्ये, कोकम सरबत ३२मध्ये. खोबरेल तेल स्वयंपाकासाठी विकलं तर २९ आणि केसांना लावायला विकलं तर ३. घाण्यातून निघालेलं तेल एकच, पण विकणाऱ्याचा हेतू बदलला की त्याचं घर बदलतं. बरेच जण क्लासचं अख्खं शीर्षक उचलून रकान्यात टाकतात. मला ते आळशी लेखन वाटतं आणि ते अंगाशीही येतं, कारण नोंदणीनंतर पाच वर्षं ज्या मालावर नाव वापरलंच नाही, त्यावरचा हक्क ज्याला त्याची झळ बसते असा कोणीही काढून टाकायला सांगू शकतो. उलट चूक जास्त महाग. एकदा भरलेल्या यादीतून माल कमी करता येतो. यादीत नसलेला माल मागाहून घुसवता येत नाही. म्हणून ‘मसाले, मिरची पूड, हळद पूड, सुकी चटणी’ असं, आज विकतो ते आणि उद्या विकायचं नक्की ठरलंय ते, एकेक नाव घेऊन लिहावं. फी क्लासमागे आहे: ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००.

माझ्या लेखी फॉर्मातली सर्वात सुंदर ओळ वापराच्या तारखेची. इथे दोनच वाटा: ‘वापरायचा विचार आहे’ किंवा ‘अमुक तारखेपासून वापरात आहे’. दुसरी वाट धरली की सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे आले. मग त्या बाई पत्र्याची जुनी पेटी उघडतात. कार्बन लावून लिहिलेलं बिलबुक, पहिली पाकिटं छापून देणाऱ्या प्रेसची पावती, जत्रेतल्या स्टॉलचं भाडं भरल्याची चिठ्ठी. यातल्या ज्या कागदावर नाव आणि तारीख दोन्ही दिसतात, तोच कामाचा. ‘आजीच्या काळापासून’ असं पाकिटावर शोभतं. इथे दिवस, महिना, वर्ष लागतं. आणि ही तारीख खोटी लिहिण्यासारखं पाप नाही, कारण कलम ३४ आधीपासून सलग वापरणाऱ्याला नोंदणीवाल्याच्याही पुढे उभं करतं. त्या कार्बनच्या निळ्या अक्षरांना कायदा एवढा मान देतो.

अर्ज दाखल झाला की नंबर पडतो. पुढे तपासणी होते. तपासणी अहवाल आला तर उत्तराला महिनाभर मिळतो. मग ट्रेडमार्क जर्नलमध्ये जाहिरात आणि हरकतीसाठी चार महिने. हरकत आली तर वर्षं जातात. पण प्रमाणपत्र कितीही उशिरा हाती पडो, कलम २३प्रमाणे नोंदणीची तारीख अर्जाचीच धरली जाते आणि दहा वर्षांची मुदतही तिथूनच मोजतात. म्हणून लोगो मनासारखा होईपर्यंत थांबू नये. नाव पक्कं असेल, तर नुसत्या शब्दाचा अर्ज आधी टाकावा. लोगोचा वेगळा अर्ज पुढेही करता येतो.