तुकोबांच्या पुलावरून
माउली, चिंचोटीहून वसईकडे गेलात तर चर्चमध्ये मराठी प्रार्थना कानी पडते. तिचा भाव समजून घ्यायचा तर रेव्ह. ना. वा. टिळकांची ‘अभंगांजली’ वाचा. १८९५ साली ख्रिस्ती झालेले टिळक सांगत, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो. ख्रिस्ताला त्यांनी माउली मानले. लेकराने आईवर विसंबावे तसे ते विसंबले. ही शरणागती आपल्या ओळखीची. उणे एवढेच वाटते, की तुकोबा देवाशी हक्काने भांडतात. टिळक बहुधा हात जोडूनच उभे राहतात. पण ते लीनपण उसने नाही. हरिपाठ म्हणताना आपल्या मनात मागणे किती आणि सोपवणे किती, हे आपणही तपासावे. रामकृष्णहरी!