‘मयूरी’ आणि दयेची टाळी

कलाकृतीचें परीक्षण करितांना कलावंताच्या दुःखाचा हिशेब मनांत धरावा कीं नाहीं, हा प्रश्न सिंगीतम् श्रीनिवास राव यांचा ‘मयूरी’ हा तेलुगू बोलपट आणि त्यावरून १९८६ सालीं निघालेला हिंदी ‘नाचे मयूरी’ पाहतांना टाळतां येत नाहीं. दोहोंतील नायिका श्रीमती सुधा चंद्रन् याच आहेत, आणि कथाही त्यांचीच आहे. मुंबईंत जन्मलेल्या व बालपणापासून भरतनाट्य शिकलेल्या या नर्तकीचा उजवा पाय १९८१ सालच्या अपघातानंतर कापावा लागला. १९८४ सालीं त्या जयपुरी पायावर पुनः रंगमंचावर उभ्या राहिल्या.

‘मयूरी’तील कामाबद्दल त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षकमंडळाचा विशेष पुरस्कार मिळाला. हा मान अभिनयाचा कीं आपत्तीचा, अशी शंका कोणीं घेतल्यास आम्ही त्यास अरसिक म्हणणार नाहीं. पण तिचें उत्तर डोळे पुसून नव्हे, नृत्य पाहूनच दिलें पाहिजे.

भरतनाट्यांत नर्तकी गुडघे बाहेर वळवून, अर्धवट बसून, अनवाणी पायानें ताल धरिते. रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातून आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या देखरेखीखालीं सिद्ध झालेला जयपूरचा रबरी पाय उकिडवें बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या माणसांसाठींच घडविला होता; म्हणून तो नर्तकीच्याही कामीं आला. परंतु रबराच्या तळव्यास भूमीचा स्पर्श कळत नाहीं. पाऊल पडलें कीं नाहीं हें कानानें आणि उरलेल्या पायावर येणाऱ्या दाबानें ओळखावयाचें, तेंही ताल न चुकवितां! जें पूर्वीं पावलास आपोआप ठाऊक होतें, तें साऱ्या शरीरास नव्यानें शिकवावें लागतें.

बोलपट येथेंच उणा पडतो. आघात आणि विजय यांमधील रुक्ष मेहनत दोन-अडीच तासांच्या कथेंत मावत नाहीं. शिवाय पडद्यावरील नृत्य तुकड्यातुकड्यांनीं जुळविलेलें असतें. त्यामुळें पायाच्या कामाची खरी परीक्षा तेथें होतच नाहीं. ती अखंड चालणाऱ्या रंगमंचावरील प्रयोगांतच व्हावयाची. पडद्यावर निःसंशय तोलतां येतात त्या मुद्रा आणि दृष्टि. आणि तेथें या नर्तकीस कोणाच्या सवलतीची गरज नाहीं.

हें आम्ही आग्रहानें लिहितों याचें कारण चित्रगृहाबाहेर आहे. मयूरीस टाळ्या देऊन परतलेलें कुटुंब घरांतल्या लंगडणाऱ्या मुलीनें नृत्यवर्गाचें नांव काढतांच, “तुला कशाला ग तो त्रास?” म्हणून तिला गप्प करितें. त्या मुलीस चमत्कार व्हावयाचें नसतें. तिला शिकावयाचें असतें, आणि चुकल्यावर इतरांप्रमाणेंच गुरूनें आपणांसही “पुन्हा कर” म्हणावें एवढीच तिची अपेक्षा असते. ती संधि आपण तिला देणार नसूं, तर ‘मयूरी’ पाहतांना आलेले आपले अश्रू तिच्या कांहीं उपयोगाचे नाहींत.