आगमनापूर्वीचे छत्तीस अध्याय

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या महाकाव्याला आपण सारे 'ख्रिस्तपुराण' या नावाने ओळखतो. १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे ते प्रथम छापले गेले, तेव्हा त्याचे पोर्तुगीज नाव निराळे होते. आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे प्रवचन, असा त्या नावाचा आशय. म्हणजे हा ग्रंथ आगमनाचा. परंतु त्यातील पंचाण्णव अध्यायांपैकी (ग्रंथात त्यांना 'अवस्वरू' म्हटले आहे) पहिले छत्तीस अशा काळाचे आहेत, की ज्यात येणारा अजून आलेलाच नाही. या गोष्टीची दखल आपल्या समीक्षेने पुरेशी घेतलेली नाही, असे आम्हांला वाटते.

आपल्याकडे स्टीफन्सचे नाव निघाले की मराठी भाषेच्या स्तुतीच्या त्या चार ओव्या म्हटल्या जातात आणि टाळ्या पडतात. त्या सुंदर आहेत, यात वाद नाही. पण सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ चार ओव्यांवर निकालात काढणे हा ग्रंथाचा सत्कार नव्हे. ज्यांना अधिक ठाऊक असते ते थेट दुसऱ्या पुराणाकडे, प्रभूच्या जन्माकडे व दुःखसहनाकडे वळतात. पहिले पुराण प्रस्तावना समजून ओलांडले जाते.

वास्तविक कवीचे धाडस तेथेच आहे. ग्रंथाच्या आरंभी नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री गुरूंकडे पुराण मागतो. पुराण म्हणजे काय, याची त्या श्रोत्यांची कल्पना पक्की होती: पृथ्वीला भार झाला, तिने धावा केला आणि देव अवतरला. स्टीफन्स त्यांना त्यांच्याच ओवीत असे पुराण देतो, ज्यात पाप होते, वचनही मिळते, पण तारणारा येत नाही. पिढ्या उलटतात, जलप्रलय येऊन जातो, वंश वाढतो, बंदिवास घडतो, संदेष्टे बोलून जातात. कीर्तनातला पूर्वरंग जसा उत्तररंगाची वेळ भरून काढण्यासाठी नसतो, तसेच हे आहे. छत्तीस अवस्वरू ऐकून ज्याचा जीव कासावीस झाला, त्यालाच मंदिरात बाळाला हातांवर घेणाऱ्या वृद्ध शिमोनाचा आनंद कळणार.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. श्रोता प्रश्न विचारतो आणि पाद्री गुरू उत्तर देतात, ही रचना कथेला जिवंत ठेवते. पण गुरू उत्तराला फार तत्पर आहेत. स्तोत्रकर्ता 'किती काळ?' असे विचारून पुष्कळदा अनुत्तरित राहतो. स्टीफन्सच्या श्रोत्याला ते भाग्य क्वचितच लाभते. येथे कवीवर धर्मशिक्षकाने मात केली आहे.

खुद्द कवीच्या वाट्याला आलेली प्रतीक्षा याहून कठोर होती. १६०८ साली आपल्या संघाच्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्याने या भूमीच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत, ही अनेक वर्षांची इच्छा कळवली होती. सहाशेच्या घरात जाणारे साचे दोनशेवर आणता येतील, असा हिशेबही मांडला होता. तसे झाले नाही. ग्रंथ रोमन लिपीत निघाला आणि १६१९ साली स्टीफन्स निवर्तला. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम काढला. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांत आणि लोकांच्या गळ्यात. १७८४ ते १७९९ या काळात श्रीरंगपट्टणात बंदिवान झालेल्या मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांना याच ओव्यांनी धीर दिला, असे त्यांच्यात परंपरेने सांगतात. १९०७ साली मंगळूरला सलढाणांनी तो पुन्हा रोमन लिपीत छापला. देवनागरीत छापील ग्रंथ हाती आला तो १९५६ साली, पुण्यात, शांताराम बंडेलूंच्या संपादनाने. पत्रापासून तीनशे अठ्ठेचाळीस वर्षांनी.

आम्ही हे कामोठ्यात लिहीत आहोत. वाट पाहणे ही या वसाहतीची नित्याची गोष्ट. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हापासून या परिसराने कितीतरी आश्वासने ऐकली; १९९० च्या दशकापासून ज्याची चर्चा चालली त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. आमच्या कुटुंबांत कोणी घराच्या ताब्याची वाट पाहतो, कोणी आखातात गेलेल्या मुलाची, कोणी लग्नानंतर दहा वर्षे पाळणा हलण्याची. त्यांना आम्ही धर्मगुरू 'देवावर भरवसा ठेवा, सारे होईल' असे सांगतो. बायबलची कथा मात्र असे सोपे आश्वासन देत नाही. आब्राहामाला पंचविसाव्या वर्षी इसहाक लाभला खरा. पण वचनातल्या भूमीपैकी त्याने विकत घेतलेले शेत साराच्या दफनासाठी होते. मोशेने ती भूमी डोंगरावरून पाहिली, तिथे पाऊल ठेवले नाही. वचन पाळले गेले, पण ज्याने वाट पाहिली त्याच्या हयातीत नव्हे. पहिले पुराण याच माणसांचे आहे, म्हणून ते सांत्वनापेक्षा खरे वाटते.

फादर कारिदाद द्रागो यांची १९९६ ची देवनागरी आवृत्ती मुंबईत निघाली होती. भाषा जुनी आहे. एकट्याने मनात वाचू गेल्यास अडखळायला होते. मोठ्याने म्हटली की ओवी आपली वाट आपण काढते. येत्या आगमनकाळात संध्याकाळच्या रोझरीनंतर घरातल्या एकाने पहिल्या पुराणाच्या वीसेक ओव्या म्हणाव्यात. नाताळापर्यंत छत्तीस अवस्वरू संपणार नाहीत. न संपोत.