सीटन, अर्नेस्ट टॉम्सन
(१४ ऑगस्ट १८६०–२३ ऑक्टोबर १९४६). वन्य प्राण्यांचा चित्रकार, बोधचित्रकार व निसर्गलेखक. मूळ नाव अर्नेस्ट एव्हान टॉम्सन. जन्म इंग्लंडमधील साउथ शील्ड्स येथे. १८६६ मध्ये त्याचे कुटुंब कॅनडात स्थायिक झाले. ऑंटॅरिओच्या रानात आणि पुढे मॅनिटोबाच्या गवताळ प्रदेशात त्याने माग काढण्याची व सापळे लावण्याची विद्या आत्मसात केली. चित्रकलेचे शिक्षण त्याने टोराँटो, लंडन व पॅरिस येथे घेतले. या दोन शिक्षणांपैकी पहिल्यानेच त्याच्या चित्रांना त्यांचे खरे वैशिष्ट्य दिले.

बंदूकधारी शिकाऱ्याला प्राणी क्षणभर का होईना, समोर दिसावा लागतो. सापळा लावणाऱ्याला मात्र तो समोर नसतानाच ओळखावा लागतो. त्याची नेहमीची वाट, पावलांमधील अंतर, वाऱ्याच्या दिशेनुसार वळण्याची सवय हे सारे जमिनीवरून वाचावे लागते. सीटनची दृष्टी अशा वाचनातून घडली. त्यामुळे त्याच्या चित्रांत प्राण्याच्या देखणेपणापेक्षा त्याच्या वर्तनाला अधिक महत्त्व आहे.

त्याची मोठी तैलचित्रे या दृष्टीने कमी यशस्वी ठरतात. पॅरिसमधील प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यावरून रंगविलेले निद्रिस्त लांडग्याचे चित्र १८९१ च्या सालाँ प्रदर्शनात स्वीकारले गेले. ते संयत व अभ्यासपूर्ण आहे. बर्फात मानवी देहाचे अवशेष खाणाऱ्या लांडग्यांचे त्यानंतरचे भव्य चित्र मात्र सालाँने नाकारले. त्यातील प्राण्यांचे रेखन अचूक असले, तरी प्रसंगाची भीषणता प्रेक्षकावर लादल्यासारखी वाटते. त्याच्या शारीर अभ्यासाचे अधिक टिकाऊ फळ म्हणजे प्राण्यांच्या कलोपयोगी शरीररचनेवरील त्याचा १८९६ चा ग्रंथ होय.

१८९३ च्या अखेरीस न्यू मेक्सिकोतील करम्पॉ खोऱ्यात गुरांचा फडशा पाडणाऱ्या लांडग्यांना पकडण्यासाठी तो गेला. टोळीचा नायक लोबो हा विष व सापळे चुकवीत असे. अखेर त्याची जोडीदारीण ब्लँका सापळ्यात सापडली व मारली गेली. सीटनने तिचे कलेवर सापळ्यांवरून ओढत नेले आणि तिच्या छाटलेल्या पंजाने मातीत खोट्या पाऊलखुणा उमटविल्या. त्या मागावर आलेला लोबो चारही पायांनी अडकला आणि जानेवारी १८९४ च्या अखेरीस बंदिवासात मरण पावला. त्याच वर्षी सीटनने ही हकीकत स्वतःला दोषमुक्त न करता प्रसिद्ध केली. सीटनच्या कलेतील मूलभूत विरोध येथे उघड होतो. ज्या पाऊलखुणा वाचून तो प्राण्याचे मन जाणू शकला, त्याच त्याने प्राण्याला फसविण्यासाठी वापरल्या. जाणणे व पकडणे या त्याच्या बाबतीत वेगळ्या कृती नव्हत्या. त्याच्या पुढील चित्रांतील सहानुभूतीला जी धार आहे, ती याच जाणिवेतून आलेली दिसते. लांडग्याच्या पावलाचा ठसा त्याच्या स्वाक्षरीचाही भाग झाला.

लोबोची कथा अंतर्भूत असलेल्या १८९८ च्या ‘वाइल्ड ॲनिमल्स आय हॅव नोन’ या संग्रहात त्याची २०० चित्रे आहेत. पुस्तकाची मांडणी त्याची पत्नी ग्रेस गॅलटिन हिने केली. पूर्ण पृष्ठाच्या चित्रांपेक्षा समासातील छोटी रेखाटने येथे अधिक बोलकी आहेत. मजकुराच्या कडेने जाणारी पाऊलखुणांची ओळ वाचकालाच माग काढावयास लावते. टोराँटोजवळील बर्फातील एका सशाच्या मागाचे त्याचे रेखाटन याचा उत्तम नमुना होय : संथ उड्या, अचानक वळणे, रक्ताचे डाग आणि शेवटी घुबडाच्या पंखांचे ठसे. प्रत्यक्ष झडप न दाखविताही मृत्यूची संपूर्ण कथा त्यातून उभी राहते.

त्याच्या लेखनावर मात्र कठोर टीका झाली. १९०३ मध्ये जॉन बरोज या निसर्गलेखकाने त्याच्या कथांतील प्राण्यांना मानवी बुद्धी व भावना बहाल केल्या गेल्याचा आक्षेप घेतला. कथांपुरता तो बव्हंशी रास्त आहे. समासातील काही विनोदी चित्रांनाही तो लागू पडतो. पाऊलखुणांच्या रेखाटनांना मात्र तो लागू पडत नाही, कारण जमिनीवर जे उमटले त्यापलीकडे ती काहीच सांगत नाहीत. ‘लाइव्ह्ज ऑफ गेम ॲनिमल्स’ (४ खंड, १९२५–२८) या सुमारे १,५०० चित्रे असलेल्या ग्रंथात या शिस्तीचा परिपाक दिसतो. त्यासाठी सीटनला १९२७ मध्ये लाभलेले पदक बरोज याच्याच नावाचे होते.

‘टू लिट्ल सॅव्हेजेस’ (१९०३) या त्याच्या पुस्तकात दुरून दिसणाऱ्या बदकांच्या ठळक खुणांचे तक्ते आहेत. रॉजर टोरी पीटरसन याच्या १९३४ च्या पक्षिदर्शिकेमागे त्यांची प्रेरणा होती. पक्षी न मारता ओळखण्याची सोय या पद्धतीने सामान्य वाचकाला उपलब्ध झाली. सापळ्याच्या कामी उपयोगी पडणारी दृष्टी अशा रीतीने सापळ्यावाचूनही उपयुक्त ठरली, हे सीटनच्या चित्रकलेचे महत्त्वाचे फलित होय. तो न्यू मेक्सिकोतील सीटन व्हिलेज येथे मरण पावला.