जालिम की मजलूम? : ‘तुघलक’च्या निमित्ताने

उर्दूत शोकांतिकेला ‘अलमिया’ म्हणतात. अलम म्हणजे दुःख. पण हे दुःख कुणाचे, आणि ज्याच्या वाट्याला ते आले त्याची कीव करायची की चीड, हा प्रश्न शब्दकोशाने सुटत नाही. वर्गात अलमिया शिकवताना मुले पहिला प्रश्न हाच विचारतात : नायक जालिम की मजलूम? एका शब्दात उत्तर दिले की त्यांचे समाधान होते. आमचे होत नाही. गिरीश कार्नाड यांचे ‘तुघलक’ वाचताना तर मुळीच नाही.

१९६४ साली कन्नडमध्ये लिहिलेले हे नाटक विजय तेंडुलकरांनी मराठीत आणले. उर्दू-हिंदुस्थानी रंगभूमीवरही ते गाजले. पण मराठी मुसलमान वाचकाशी त्याचे नाते आणखी जवळचे आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी हलवली ती आपल्याच देवगिरीवर, दौलताबादला. ‘वेडा महंमद’ हे नाव मराठी माणसाच्या कानावर लहानपणीच पडते आणि कोणताही अविचारी सरकारी हुकूम आजही ‘तुघलकी’ ठरतो. ही विशेषणे ऐकून आपल्यातला सुशिक्षित माणूस लगेच वकीलपत्र घेतो. सुलतान विद्वान होता, तर्कशास्त्राचा जाणकार होता, काळाच्या पुढे होता, लोकांनी त्याला ओळखले नाही! एका बाजूने जालिम, दुसऱ्या बाजूने मजलूम. या दोन्ही वाचनांत नाटक हरवते, असे आमचे म्हणणे आहे.

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचा नायक मधला माणूस सांगितला आहे. सर्वस्वी सज्जन माणसाचा नाश पाहून आपण हबकतो, सर्वस्वी दुर्जनाचा नाश पाहून सुखावतो. करुणा आणि भय ही जोडी दोन्हीकडे जमत नाही. थोर असूनही ज्याच्या हातून मोठी चूक घडते, त्याचेच पतन आपल्याला हलवते. इथे आपल्या संस्काराचा विचार करावा लागेल. आपले कान मर्सियावर घडलेले आहेत. करबलाची कथा ही निर्दोष शहीदाची कथा आहे. इमाम हुसैन मजलूम आहेत आणि यजीद जालिम, तिथे तिसरी जागा नाही. ती कथा आपल्याला सत्यासाठी उभे राहायला शिकवते. पण मर्सियाची मोजपट्टी अलमियाला लावली की घोटाळा होतो. प्रत्येक पडलेल्या माणसात आपण शहीद शोधू लागतो.

कार्नाडांचा तुघलक शहीद नाही. नाटकाच्या आरंभी तो काझीपुढे स्वतः आरोपी होतो आणि एका ब्राह्मणाचा दावा मान्य करतो. हा प्रसंग हवेतला नाही. सुलतान एका हिंदू सरदाराच्या फिर्यादीवरून निःशस्त्र, पायी काझीसमोर गेल्याची नोंद इब्न बतूताने केली आहे. न्याय, हिंदू-मुस्लिम समता, विद्येचा आदर हे नाटकातल्या सुलतानाचे खरे स्वप्न आहे, ढोंग नव्हे. पण याच माणसाकडे पाहा. आपल्यावर उघड टीका करणाऱ्या शेख इमामुद्दीनला तो सभेसाठी बोलावतो आणि माणसे येऊ नयेत अशी व्यवस्था करतो. मग त्याच शेखच्या धर्मनिष्ठेला साद घालून त्याला शांतिदूत बनवतो. शेख दिसायला सुलतानासारखा. शाही पोशाखात तो रणात जातो आणि मारला जातो. बुद्धिबळाचा डाव जिंकावा तसा हा खून आहे. त्याला परिस्थितीने हे करायला लावले, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

नमाजाचा धागा तर अधिकच बोलका आहे. वडील आणि भाऊ नमाजाच्या वेळी मारले गेले, हा ठपका त्याच्यावर आहेच. (इतिहासकारांत त्या मृत्यूबद्दल एकमत नाही, नाटकात मात्र तो गुन्हा स्वतःच्या तोंडाने मान्य करतो.) पुढे नमाजाच्याच वेळी त्याला मारण्याचा कट होतो, तो उधळला जातो आणि सुलतान सामुदायिक नमाजावरच बंदी घालतो. शेवटी बंदी उठते, अजान होते, आणि सुलतान तख्तावर झोपलेला असतो. ज्याने इबादतीला राजकारणाचे हत्यार केले, त्याच्या हाती इबादत उरत नाही. ही शिक्षा कुणी दुसऱ्याने दिलेली नाही.

मग खलनायक अझीझ का? हा धोबी सुलतानाच्या प्रत्येक योजनेत आपली फसवणूक बसवतो. आरंभी दावा जिंकणारा ब्राह्मण तोच. तांब्याची नाणी पाडणारा तोच. खलिफाच्या वंशजाला ठार करून त्याच्या वेशात दरबारात शिरणारा तोच. पण तो इयागो नाही. इयागो ऑथेल्लोच्या कानात विष ओततो; अझीझ सुलतानाला काहीच शिकवत नाही, उलट त्याच्याकडूनच शिकतो. म्हणून सगळे उघडकीस आल्यावरही सुलतान त्याला फाशी देत नाही. आपल्याच आरशाला शिक्षा कशी द्यायची? अझीझवर पाप ढकलून नायकाला सोडवण्याची वाट नाटककाराने इथे बंद केली आहे.

मजलूम नाटकात आहे, पण तख्तावर नाही. दौलताबादच्या वाटेवर एक बाई आजारी मूल घेऊन हकीमाकडे जाऊ द्या म्हणून विनवते. अझीझ लाच मागतो, तिच्याजवळ पैसे नाहीत. तिला नावही दिलेले नाही. सुलतानाच्या भव्य स्वप्नाची किंमत तिने भरली. आपण सुलतानाला मजलूम म्हणतो तेव्हा तिची जागा त्याला देऊन टाकतो. एवढ्यासाठी तरी शब्द जपून वापरायला हवा.

आणि तरीही तो निव्वळ जालिम नाही. निव्वळ जालिमाची झोप उडत नाही, त्याला आपल्या स्वप्नाची राख दिसत नाही. तुघलकाला दिसते. इतिहासानेही त्याच्यावर एकच शिक्का मारलेला नाही. त्या स्थलांतराच्या काळात दक्षिणेत आलेले बुऱ्हानुद्दीन गरीब खुलताबादला विसावले, दखनीच्या घडणीलाही त्या स्थलांतराचा हातभार लागला. वाटेवर मेलेल्यांचे मरण त्यामुळे माफ होत नाही, पण ‘वेडा’ हा एक शब्द अपुरा आहे एवढे कळते.

भाऊ जालिम असो की मजलूम, त्याला मदत करा, अशी पैगंबर साहेबांची शिकवण आहे. जालिमाला मदत कशी करायची, या प्रश्नावर त्याचा हात रोखणे हीच त्याची मदत, असे त्यांनी समजावले. आपल्या इतिहासातल्या नायकांचे वकील होण्याने त्यांना ही मदत होत नाही, त्यांचे शत्रू होण्यानेही नाही. त्यांचा हात कुठे रोखायला हवा होता ते नेमके दाखवणे आपल्या हाती आहे. कार्नाडांनी ते दाखवले. उद्या आपल्यातलाच एखादा मोठा माणूस मोठे स्वप्न घेऊन उभा राहील, तेव्हा त्याच्या वाटेवर मूल घेऊन उभी असलेली बाई आपल्याला दिसली पाहिजे.