संयुक्त खातं

माणसानं चोरी करावी, पण रत्नागिरीत करू नये. सकाळी मिरकरवाड्याला बांगडे घेतलेत, तर दुपारी काउंटरपलीकडचे पेन्शनर आजोबा स्लिप पुढे सरकवताना विचारतात, "काय, आज तिखलं वाटतं?" अशा गावात मी गेली कित्येक वर्षं वाचनालयाच्या बालविभागातून पुस्तकं आणतो आहे. मुलीच्या नावावर.

तिथल्या बाई नव्या आहेत. परवा माझ्या हातातलं 'राधाचं घर' बघून त्यांनी कौतुकानं विचारलं, "कितवीत आहे हो मुलगी?"

"दुसऱ्या..." एवढंच म्हणालो आणि खोकलो. पुढचा 'वर्षाला' खोकल्यात गेला. आमची कन्या पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"दुसरीत होय! मग अगदी योग्य पुस्तक नेताय," बाई म्हणाल्या.

आता चोरी कबूल केलीच आहे, तर मालाबद्दलही बोलतो. मी बी.कॉम., तेही सेकंड क्लास. साहित्यावर बोलायचा मला अधिकार नाही. पण सव्वीस वर्षं काउंटरवर बसून एक विद्या आली आहे. खोटी सही ओळखता येते. पुस्तकातलीसुद्धा.

बालविभागातली अर्धी पुस्तकं बँकेनं काढल्यासारखी असतात. मुलाला एक ससा द्यायचा आणि त्याच्या बदल्यात नेहमी खरं बोलण्याची हमी लिहून घ्यायची. शेवटच्या पानावर 'तात्पर्य' असतंच, कर्जाच्या कागदावर खाली बारीक अक्षरात अटी असतात तसं. मोठी माणसं मुलांना तारणाशिवाय आनंद द्यायला तयार नसतात. मग मुलं त्या पुस्तकाचं तेच करतात, जे आपण त्या अटींचं करतो. न वाचता उलटतात.

चित्रांच्या पुस्तकाची माझी परीक्षा सोपी आहे. मजकुरात लिहिलंय 'झाडावर पोपट बसला' आणि चित्रात झाडावर पोपट बसलाय, तर ती डुप्लिकेट पावती झाली. चांगल्या पुस्तकात शब्द थोडं उधार ठेवतात आणि ते चित्र फेडतं. माधुरी पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्या स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, त्यामुळे शब्द आणि चित्र यांचं भांडण घरातल्या घरात मिटत असावं. त्यांच्या राधाच्या घरात ना राजा, ना राक्षस. आपल्या घरात असतात तशी माणसं आहेत. कुणी कुणाला बोध करत नाही. असं पुस्तक लिहायला राक्षस लिहिण्यापेक्षा जास्त धैर्य लागतं.

माझं स्वतःचं चित्रवाचनाचं शिक्षण 'चांदोबा'त झालं. १९५२ पासून तो मराठीत यायचा. आता बंद झाला. त्यातलं शंकर यांचं विक्रम-वेताळाचं चित्र आठवतंय? हातात तलवार, खांद्यावर प्रेत. आजोबा मजकूर वाचायचे आणि मी प्रेत बघायचो. आजोबांना प्रेतात रस नव्हता, मला मजकूर वाचता येत नव्हता. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नव्हतं. बँकेच्या भाषेत हे संयुक्त खातं. चित्रांचं पुस्तक वाचता न येणाऱ्यासाठी असतं, हा गैरसमज आहे. ते दोघांनी मिळून वाचायचं असतं.

दुसरा माल म्हणजे विनोदी अद्भुत कादंबऱ्या. आपल्या कोकणात भुतांचा तुटवडा नाही, पण कादंबरीत त्यांना बहुधा घाबरवायच्या ड्यूटीवर ठेवतात. त्यांना हसवायचं काम एका कवीनं दिलं. विंदा करंदीकर मूळचे धालवलीचे. १९६३ साली त्यांनी एटू लोकांचा अख्खा देश वसवला आणि १९८१ साली 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' आणली. त्याच वर्षी १ मे रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि धालवली आमच्या हातून गेली. जमिनीची वाटणी झाली ती झाली. भुतांवरचा हक्क रत्नागिरीनं सोडू नये.

अद्भुत विनोदाचा माझा नियम असा. सुरुवातीला एक अशक्य नोंद मान्य. त्यानंतर मात्र पै-पैचा हिशेब जुळला पाहिजे. वाईट लेखक जिथं जुळत नाही तिथं जादूची कांडी फिरवतो. आमच्याकडे याला सस्पेन्स खात्यात टाकणं म्हणतात, आणि ऑडिटर ते पहिल्यांदा उघडतो.

टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची 'मेकिंग मनी' ही २००७ सालची कादंबरी घ्या. एका बँकेची मालकीणबाई मरताना आपले शेअर कुत्र्याच्या नावे ठेवते आणि कुत्रा चेअरमन होतो. ही अशक्य नोंद. (अशक्य का म्हणायचं, हे माझ्या काही सहकाऱ्यांना कळलं नाही.) पण मालकीणबाईचे पन्नास टक्के आणि कुत्र्याचा आधीचा एक टक्का, अशी एक्कावन्न टक्क्यांची बेरीज लेखकानं चोख करून दाखवली आहे. हसू त्या कुत्र्याचं येत नाही, बेरजेचं येतं.

या धंद्यातले थोर पुरुष मात्र आमच्या खात्यातले. केनेथ ग्रॅहम १८७९ साली बँक ऑफ इंग्लंडमध्ये कारकून म्हणून चिकटले आणि सेक्रेटरीपदापर्यंत चढले. १९०३ साली एका इसमानं बँकेत येऊन त्यांच्यावर पिस्तूल झाडलं. एकही गोळी लागली नाही. (आमचे ग्राहक फक्त शब्द झाडतात, पण ते लागतात.) १९०८ साली त्यांचं 'द विंड इन द विलोज' आलं. त्यातल्या गोष्टी आधी त्यांनी आपल्या मुलाला सांगितलेल्या. त्यात टोड नावाचा बेडूक मोटार चोरतो, वीस वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात जातो आणि धोबिणीच्या वेषात पळतो. एवढं सगळं त्याला जमतं. पण स्टेशनवर तिकीट मागताना लक्षात येतं की पाकीट कोठडीतल्या कोटात राहिलं! बेडकानं मोटार चालवलेली चालेल, पण पैशाशिवाय तिकीट नाही. असं बँकवालाच लिहू जाणे.

हे पुस्तक मी मुलीला रोज रात्री सांगत असे. इंग्रजी वाचायचो आणि मराठीत बोलायचो, त्यामुळे त्यातल्या नदीला भाट्याच्या खाडीची भरती यायची. ई. एच. शेपर्ड यांची १९३१ सालची चित्रं त्यात होती, ती तिच्या वाटणीला. पुढे ती चौथीत गेली. स्कॉलरशिपची परीक्षा आली. एका रात्री मी म्हणालो, "आता मोठी झालीस. तुझं तू वाचत जा. हे परीक्षेनंतर बघू." टोड तेव्हा तिकीट खिडकीशी उभा होता. परीक्षा झाली, स्कॉलरशिप मिळाली नाही, आणि खातं बंद करायचा अर्ज कुणीही न देता बंद पडलं.

या गणपतीत ती आली होती. माझ्या उशीखाली 'राधाचं घर' सापडलं.

"बाबा, हे कुणासाठी?"

"रजिस्टरप्रमाणे तुझ्यासाठी."

ती हसली नाही. पानं उलटत बसली. मग म्हणाली, "त्या बेडकाला तिकीट मिळालं का हो?"

"अगं, दहा वर्षं झाली! वाचलं नाहीस?"

"परीक्षेनंतर बघू, असं तुम्हीच म्हणाला होतात."

पुस्तक माळ्यावर होतं. वाळवीनं बरंच व्याज वसूल केलं होतं, पण नेमका तो भाग शाबूत होता. मी वाचू लागलो, ती चित्रं बघू लागली. शेवटी इंजिनाचा ड्रायव्हर टोडला फुकट नेतो, घरी गेल्यावर शर्ट धुऊन पाठवायच्या बोलीवर.

"म्हणजे बिनतारणी कर्ज," कन्या म्हणाली.

"आणि बुडीत. शर्ट तो शेवटपर्यंत धुवत नाही."

परवा पुस्तक परत करायला गेलो. मुदत उलटली होती, दंड भरला.

"आवडलं का मुलीला?" बाईंनी विचारलं.

"हो," म्हणालो. त्या काउंटरवर पहिल्यांदाच खरं बोललो.