हात न लागलेल्या तलवारी

आर्टस्टेशन या चित्रकारांच्या संकेतस्थळावर कल्पित शस्त्रांचे पोर्टफोलिओ चाळू लागलो की एकच तलवार पुन्हा पुन्हा भेटते: काळपट पार्श्वभूमीवर तिरके तरंगणारे पाते, त्यावर निळी झळाळती अक्षरे, मुठीशी कवटी नाहीतर ड्रॅगनचे डोके. रंगकाम बहुधा उत्तम असते, धातूची चकाकी बिनचूक असते, आणि म्हणूनच चीड येते. इतके कौशल्य अंगी असून ही तलवार कोणी घडवली, कोण पेलणार, म्यानातून ती निघणार कशी, यांतला एकही प्रश्न चित्रकाराला पडलेला नसतो. चिलखतांचेही तेच. डोक्याएवढी खांदेकवचे २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळाने रूढ केली, पण तिथे कॅमेरा दूर आणि उंचावर, योद्धा पडद्यावर बोटभर, त्यामुळे त्याची ओळख खांद्यांवरूनच पटायची. तीच कवचे पोर्टफोलिओत जवळून रंगवली की हात वर करताच ती कानशिलावर आदळतील, एवढेच नजरेत भरते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेतलेल्या शस्त्रांवर तर शब्द खर्चू नयेत. त्यांत पट्टा कुठून निघून कुठे जातो हेसुद्धा ठरलेले नसते.

याउलट ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चित्रपटांसाठी (२००१ ते २००३) वेटा वर्कशॉपने केलेले काम आजही कोणी ओलांडलेले नाही. त्यांतला एक प्रमुख चित्रकार जॉन हाउ, मध्ययुगीन सैनिकांचे जीवन प्रत्यक्ष उभे करणाऱ्या मंडळींत वावरलेला, चिलखत अंगावर घालून पाहिलेला माणूस. ते ज्ञान रेषेत उतरते. उरुक-हाई या राक्षसी सैनिकांची तलवार पाहा: सपाट, ओबडधोबड पट्टी, निमुळत्या टोकाऐवजी एक आडवा काटा. घाईने, शेकड्यांनी, नक्षीची चैन न करता ती घडवली गेली हे संवादाशिवाय कळते. एल्फांची लांब मुठीची, मंद वळणाची तलवार तितक्याच स्पष्टपणे सांगते की तिच्या कारागिराला वेळेची टंचाई नव्हती. ‘डार्क सोल्स’ या खेळातले (२०११) शिलेदारही याच घराण्यातले: कापड, कड्यांचे चिलखत, पत्रा असे थर, आणि प्रत्येक थर कुठे संपतो ते दिसते. ही शिस्त इतिहासातून येते. पंधराव्या शतकातले पूर्ण रणचिलखत साधारण २० ते २५ किलोंचे, पण वजन अंगभर विभागलेले, म्हणून ते घालून धावता येई. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या मॅक्सिमिलियन चिलखतांवरच्या उभ्या पन्हळी निव्वळ शोभेच्या नव्हेत. छपराच्या पन्हळी पत्र्याप्रमाणे त्या पातळ पत्र्याला ताठपणा देतात.

यावर ठरलेला आक्षेप येतो: हे कल्पित विश्व आहे, वस्तुसंग्रहालय नव्हे. मान्य, पण त्यातून सुटका होत नाही. ‘बर्सर्क’ या १९८९ पासूनच्या जपानी चित्रकथेत केंतारो मिउराने नायक गट्सच्या हाती माणसाहून मोठी तलवार दिली, आणि तिचे ओझे त्याच्या दंडांत, पवित्र्यात, प्रत्येक वाराच्या झोक्यात दाखवले. अशक्य गोष्टीची किंमत त्याने चुकती केली. अलंकरणाचेही तसेच. मिलानच्या फिलिप्पो नेग्रोलीचे १५४३ चे शिरस्त्राण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे; पोलादातून ठोकून उठवलेल्या त्या आकृती कोणत्याही ड्रॅगनपेक्षा अद्भुत आहेत, कारण ते शिरस्त्राण मिरवण्यासाठीच घडले आणि ही गोष्ट लपवत नाही. आणि रचनेतून लढण्याची रीत कशी घडते हे पाहायचे तर आपला दांडपट्टा घ्या. त्याची मूठ हाताला मनगटाच्या वरपर्यंत कवचात बंद करते, मनगट वळत नाही, म्हणून वार खांद्यातून फिरतो. एका मुठीने लढण्याची अख्खी रीत ठरवली. ज्याला काहीतरी अपूर्व रचायचे आहे त्याने इथून सुरुवात करावी. चंद्रकोर आणि काटे चिकटवून अपूर्वता येत नाही.

शिकवणारे मात्र बाह्याकृतीचाच जप करत राहतात: काळ्या छायेत ओळखू आले की काम फत्ते, कारण कामासाठी चित्रकार निवडणारा प्रत्येक पानावर काही क्षणच थांबतो. त्या क्षणांसाठी बाह्याकृती हवीच. पण निवड झाल्यावर ते चित्र त्रिमितीय प्रतिकृती घडवणाऱ्याकडे जाते, आणि त्याला पाठीमागची बाजू हवी असते, बक्कल कुठे बसते, बिजागरी कोणत्या दिशेने उघडते, ढाल पाठीवर कशाला अडकते हे हवे असते. ज्या पोर्टफोलिओत हे एकाही पानावर नाही, त्याला शस्त्ररचना म्हणण्याचे औदार्य आपण थांबवायला हवे.